गाणे चालते, गाणारा चालत नाही

पट्ट्यापट्ट्यांचे कोट, डोक्यावर चपट्या गवती टोप्या, पिळदार मिशा आणि खांद्याला खांदा लावून गाणारे चार गोरे पुरुष. साथीला एकही वाद्य नाही. हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल, जुन्या हॉलिवूडपटात नाहीतर कार्टूनमध्ये. अमेरिकेत या प्रकाराला 'बार्बरशॉप क्वार्टेट' म्हणतात. म्हणजे न्हाव्याच्या दुकानातली चौकडी. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मोबाईलवर हा प्रकार लावला आणि म्हणाला, "हे बघा गोऱ्यांचे भजनी मंडळ." सगळे हसले. आम्हीही हसलो.

घरी येऊन या गाण्याच्या मुळाशी गेलो तेव्हा हसू ओसरले. कारण हे गाणे ज्यांनी घडवले ते त्या चित्रात नाहीतच. ते नुसते विसरले गेले असेही नाही. त्यांना लेखी नियम करून बाहेर ठेवले गेले. आणि ज्या संस्थेने बाहेर ठेवले तिच्या नावातच 'जतन' हा शब्द होता.

कोणी विचारेल, अमेरिकेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या गाण्याशी आपला काय संबंध? संबंध आम्ही जोडलेला नाही, तो जोतीराव फुल्यांनी १८७३ साली जोडून ठेवला आहे. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. त्याच १८७३ साली त्या मुक्त झालेल्या गुलामांची मुले इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गात होती. त्यांच्याकडे पुढे येऊच. आधी न्हाव्याच्या दुकानात जाऊ.

दुकानातले विद्यापीठ

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अनेक शहरांत, विशेषतः दक्षिणेत, हजामतीचा धंदा मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीयांच्या हातात होता. दुसऱ्याच्या अंगाला हात लावून सेवा करायची, हे काम गोऱ्याला हलके वाटे. त्यामुळे वस्तरा काळ्याच्या हातात आणि गळा गोऱ्याचा, असे विचित्र दृश्य तिथे रोजचे होते. मात्र कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मोहल्ल्यातले न्हाव्याचे दुकान ही वेगळीच जागा होती. तिथे मालक आपला, गिऱ्हाईक आपले, आणि बोलायला कोणाची परवानगी लागत नसे. नाटकगृहात मागच्या दाराने जावे लागे, वाचनालयाचे दार बंद असे, पण इथल्या बाकावर बसायला कोणी हरकत घेत नसे. नंबर येईपर्यंत करायचे काय? गायचे.

जेम्स वेल्डन जॉन्सन हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. कवी, वकील, मुत्सद्दी आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे मोठे नेते. फ्लोरिडातल्या जॅक्सनविल गावात त्यांचे बालपण गेले. १९२५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आध्यात्मिक गीतांचा संग्रह काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले की त्यांच्या गावात कृष्णवर्णीयांच्या जवळपास प्रत्येक न्हाव्याच्या दुकानाची आपली चौकडी असे. लुई आर्मस्ट्राँग पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर चौकडीत गात फिरत असे. जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाने सांगून ठेवले आहे की ते मयताच्या घरी रात्री जागवायला जात, तिथे चौकडी जमवून गात आणि खायलाही मिळे. 'ब्लूज'ला कागदावर आणणारे डब्ल्यू. सी. हँडी आणि रॅगटाइमचा राजा स्कॉट जॉप्लिन, हे दोघेही तरुणपणी चौकडीत गायले. म्हणजे विसाव्या शतकात जगभर गाजलेल्या अमेरिकन संगीताचे अर्धे शिक्षक या एकाच शाळेत शिकले होते.

या गाण्यात विशेष काय? आपले कान एका वेळी एकच सूर ऐकायला तयार झालेले. गायक गातो, बाकीचे मागून धरतात. चौकडीत चौघे एकाच वेळी चार वेगळे सूर लावतात. मूळ चाल गातो तो 'लीड'. त्याच्या वरून 'टेनर' जातो, खालून 'बास' जमीन धरतो आणि उरलेली फट 'बॅरिटोन' भरून काढतो. त्यांचा लाडका स्वरमेळ म्हणजे आपल्या भाषेत सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि एकदम. हे चार सूर नेमके जुळले की गाणाऱ्यांच्या डोक्यावर पाचवाच सूर वाजू लागतो. तो कोणीच गात नसते. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात, तसेच हे. कागदावरचे सूर न वाचता, कोण वर जातो कोण खाली हे एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवत, चुकत, पुन्हा करत, नवे मेळ शोधायचे, हा त्या दुकानातला खेळ होता. त्याला आम्ही विद्यापीठ म्हणतो. ज्यांना विद्यापीठाचे दार बंद होते त्यांनी ते बाकावर उघडले.

भोंग्यासमोर कोण उभे राहिले?

आता यंत्र आले. १८९० च्या सुमारास आवाज विकण्याचा धंदा अमेरिकेत सुरू झाला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले १९२५ साली. त्याआधी गाणारा एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचा आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. नाजूक वाद्य त्यात उमटत नसे. उंच पट्टीचा बायकांचा आवाजही यंत्राला नीट झेपत नसे. चार दणकट पुरुषी आवाज मात्र स्वच्छ उमटत. म्हणून चौकडी ही त्या काळच्या कंपन्यांची आवडती वस्तू झाली. पण कोणाची चौकडी?

सुरुवातीला काही कृष्णवर्णीय आत गेले. जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय ध्वनिमुद्रित 'स्टार'. जन्म व्हर्जिनियात, १८४६ च्या सुमाराचा, गुलामगिरीतला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि फेरीबोटींच्या धक्क्यांवर शीळ घालून, हसून पैसे मिळवायचा. कंपनीच्या माणसांनी त्याला उचलला. त्या काळी मेणाच्या नळकांड्यांची घाऊक नक्कल काढता येत नसे. पाच-सहा यंत्रे समोर मांडायची, गायकाने एकदा गायले की तेवढीच नळकांडी तयार. पुढच्या नळकांड्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून. जॉन्सनने त्याची दोनच गाणी हजारो वेळा गायली. एका वेळेचे मिळायचे सुमारे वीस सेंट. आणि ती गाणी कसली? काळ्या माणसाची टिंगल करणारी. त्याच्या एका प्रसिद्ध गाण्याच्या नावातच कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी शिवी होती. आपल्याच माणसाला शिवी देणारे गाणे दिवसाला पन्नास-पन्नास वेळा हसत हसत गायचे, तेव्हा कुठे पोट भरायचे.

पुढे साचे काढून हजारो नकला करण्याची युक्ती निघाली आणि जॉन्सनची गरज संपली. १९१४ साली तो गरिबीत मेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ उजाडले. शंभर वर्षे!

चौकड्यांमध्ये 'युनिक क्वार्टेट' आणि 'स्टँडर्ड क्वार्टेट' या कृष्णवर्णीय मंडळींनी १८९० च्या दशकात नळकांडी भरली. १९०२ च्या ऑक्टोबरात व्हिक्टर कंपनीने 'डिनविडी कलर्ड क्वार्टेट'च्या सहा तबकड्या काढल्या. ही व्हर्जिनियातली चौकडी. कृष्णवर्णीय मुलांना उद्योग शिकवणाऱ्या एका शाळेसाठी पैसा गोळा करायला ती बाहेर पडली होती. त्या तबकड्या आजही ऐकता येतात. एक गातो, बाकीचे उत्तर देतात, आणि मधेच आवाज असे एकमेकांवर चढतात की अंगावर काटा येतो. सहा तबकड्या झाल्या आणि दार मिटले.

आता दुसरी बाजू पाहा. 'हेडन क्वार्टेट', 'पीअरलेस क्वार्टेट', 'अमेरिकन क्वार्टेट'. सगळे गोरे, सगळे धंदेवाईक गायक. शेकडो तबकड्या. हेडनची १९०४ मधली 'स्वीट अ‍ॅडलाइन' घराघरात गेली. अमेरिकन क्वार्टेटची १९१० ची 'केसी जोन्स' प्रचंड खपली. तीच माणसे एका कंपनीसाठी एका नावाने आणि दुसऱ्या कंपनीसाठी दुसऱ्या नावाने गात. ही मंडळी काय गात? भावगीते होती, विनोदी गाणी होती, आणि भरपूर प्रमाणात होती काळ्या माणसाच्या बोलीची, चालीची, अन्नाची, प्रेमाची नक्कल करणारी गाणी. आधीच्या शतकात गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून रंगमंचावर 'काळे' व्हायचे. त्याला मिन्स्ट्रेल शो म्हणत. तबकडीत तोंड दिसत नाही, म्हणून काजळीची गरज उरली नाही. आवाजालाच काजळी फासली.

१९१० सालीच 'प्ले दॅट बार्बर शॉप कॉर्ड' नावाचे गाणे निघाले. 'बार्बरशॉप' हे नाव या स्वरमेळाला लोकांच्या तोंडी चिकटवण्यात या गाण्याचा मोठा वाटा. त्यातली पात्रे कृष्णवर्णीय आहेत. ते रंगमंचावर लोकप्रिय केले बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय कलावंताने. म्हणजे १९१० पर्यंत हा स्वरमेळ काळ्या माणसांचा आहे हे विनोदापुरते का होईना, सर्वांना ठाऊक होते. आणि हा बर्ट विल्यम्स, जन्माने कृष्णवर्णीय, त्यालाही तोंडाला काजळी फासूनच रंगमंचावर यावे लागे. काळ्या माणसालाही गोऱ्याने ठरवलेला काळा व्हावे लागत होते!

आणखी एक नमुना. रिचमंडचा पोक नव्हे, पोल्क मिलर. औषधांचा व्यापारी, गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला जुना सैनिक. त्याने चार कृष्णवर्णीय गायक बरोबर घेऊन 'जुन्या चांगल्या' दक्षिणेचे कार्यक्रम केले. १९०९ साली एडिसन कंपनीने त्यांचे गाणे नोंदवले. नळकांड्यावर नाव छापले ते 'पोल्क मिलर आणि त्याची ओल्ड साउथ क्वार्टेट' असे. मिलरचे नाव पूर्ण. गाणारे चौघे 'त्याची'. षष्ठी विभक्तीत केवढा इतिहास बसतो बघा.

नोंद नाही म्हणजे अस्तित्व नाही?

समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट पक्की समजली. दप्तरात काय आहे याच्याइतकेच दप्तर कोणाच्या हातात होते हेही विचारावे लागते. १८९० ते १९२० या तीस वर्षांत गोऱ्या चौकड्यांच्या तबकड्यांचा ढीग झाला आणि कृष्णवर्णीय चौकड्यांच्या बोटावर मोजण्याइतक्या. नंतर आलेल्या शौकिनांनी काय केले? तबकड्यांचा ढीग उपसला, त्यात गोरे आवाज ऐकले आणि निष्कर्ष काढला की ही कला गोऱ्यांचीच. ज्याला भोंग्यासमोर उभेच केले नाही, त्याचा पुरावा भोंग्यात शोधायचा!

१९३६ साली नॉर्मन रॉकवेल या नामांकित चित्रकाराने एका मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी बार्बरशॉप चौकडी रंगवली. चौघेही गोरे. जॉन्सन यांच्या प्रस्तावनेला तेव्हा फक्त अकरा वर्षे झाली होती. छापील शब्द होता, पण चित्र जिंकले. या कलेचे मूळ कृष्णवर्णीयांत आहे हे लिन अ‍ॅबट या संशोधकाने १९९२ साली एका संगीतविषयक नियतकालिकात सविस्तर मांडले, तेव्हा कुठे विद्वानांनी मान हलवायला सुरुवात केली. त्यांनी तबकड्यांच्या ढिगापलीकडे पाहिले. कृष्णवर्णीयांच्या आठवणी आणि त्यांची वृत्तपत्रे वाचली. पुरावा होताच. वाचणारा नव्हता.

तुल्साच्या गच्चीवर

आता गोष्टीच्या गाभ्याशी येऊ. ११ एप्रिल १९३८. ओक्लाहोमा राज्यातले तुल्सा शहर. ओवेन कॅश नावाचा करविषयक वकील आणि रूपर्ट हॉल नावाचा व्यावसायिक यांनी हाक दिली आणि तुल्सा क्लबच्या गच्चीवर सव्वीस जण गायला जमले. जुनी चौकडी मरत चालली आहे, ती वाचवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. संस्था निघाली. तिचे लांबलचक नाव मराठीत असे होईल: 'अमेरिकेतील बार्बरशॉप चौकडी-गायनाचे जतन व प्रोत्साहन करणारी संस्था'. काही वर्षांत ती देशभर पसरली. सभासदत्व फक्त गोऱ्यांना.

शहराचे नाव पुन्हा वाचा. तुल्सा. याच शहरात, याच्या सतराच वर्षे आधी, ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती जाळली. पस्तीसेक चौक बेचिराख झाले. हजारावर घरे गेली. दुकाने, दवाखाने, चर्च, वृत्तपत्राची कचेरी, काही उरले नाही. गच्चीवर जमलेल्या त्या सव्वीस जणांवर आम्ही जाळपोळीचा आरोप करत नाही. आम्ही एवढेच विचारतो की 'गेले ते गोड दिवस' म्हणून डोळे पुसताना त्या शहरातल्या माणसांना कोणते दिवस आठवत होते? ज्या १८९० च्या दशकाची आठवण म्हणून हे पट्ट्यांचे कोट घातले जातात, त्या दशकात झुंडी माणसांना झाडाला टांगत होत्या. आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंनी १८९२ साली त्याचा हिशेब छापला. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. गोड दिवस कोणाचे, हे विचारल्याशिवाय गोड दिवसांचे गाणे ऐकू नये.

मग आले १९४१. न्यूयॉर्कची स्पर्धा 'ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स' या चौकडीने जिंकली. ही कृष्णवर्णीय चौकडी. नियमाप्रमाणे विजेत्यांनी सेंट लुईस येथे राष्ट्रीय स्पर्धेला जायचे. संस्थेने त्यांना अपात्र ठरवले. कारण सुरात नव्हते, चामडीत होते. तेव्हा न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी संस्थेतील पदांचे राजीनामे दिले. मोझेस काही कृष्णवर्णीयांचे कैवारी नव्हेत. पुढे त्यांच्याच योजनांनी गरीब काळ्यांच्या आणि पोर्तो रिकन लोकांच्या वस्त्या उठवल्या. अशा माणसालाही ही गोष्ट पचली नाही, यावरून ती किती उघड होती ते समजावे. संस्था मात्र ढिम्म राहिली. हा दंडक उठला १९६३ साली. म्हणजे बावीस वर्षांनी.

बायकांची संस्था 'स्वीट अ‍ॅडलाइन्स' १९४५ मध्ये त्याच तुल्सात निघाली. तिनेही पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांना दार बंद केले. तेव्हा काही गोऱ्या सभासद स्त्रिया बाहेर पडल्या आणि १९५९ साली त्यांनी 'हार्मनी इन्कॉर्पोरेटेड' ही वेगळी संस्था काढली. मूळ संस्थेने नियम बदलला १९६६ मध्ये. या बाहेर पडलेल्या बायकांची नोंद आम्ही मुद्दाम करतो. अन्याय दिसल्यावर 'आत राहून बदल घडवू' म्हणत वर्षे काढणारे पुष्कळ असतात. त्या उठल्या.

तीन आक्षेप

आमच्याशी वाद घालणारे तीन गोष्टी सांगतात. तिन्हींना उत्तर देतो.

पहिला: "कला कोणा एकाची नसते. युरोपातही चौघे मिळून गात होते." बरोबर आहे. ऑस्ट्रियाच्या डोंगरातली रायनर मंडळी १८३९ नंतर अमेरिकेत गात फिरली. त्यांच्या धर्तीवर हचिन्सन कुटुंब उभे राहिले आणि त्या गोऱ्या कुटुंबाने तर गुलामगिरीच्या विरोधात गाणी गायली. चर्चमधली स्तोत्रे होतीच. कृष्णवर्णीयांनी हे सगळे ऐकले, उचलले आणि त्यात आपले घातले. देवाणघेवाणीला आमचा विरोध नाही. शुद्ध रक्ताचे गाणे शोधणे हे आमचे काम नव्हे, ते वंशवाद्यांचे काम. आमचा प्रश्न देवाणीनंतरचा आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव लिहिले का? त्याला मोबदला मिळाला का? आणि त्याला त्याच सभागृहात खुर्ची मिळाली का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर त्याला देवाणघेवाण म्हणत नाहीत.

दुसरा: "खासगी मंडळ होते. कोणाला घ्यायचे हा त्यांचा अधिकार." गच्चीवर चार मित्र गात असतील तर ठीक. पण जी संस्था राष्ट्रीय स्पर्धा भरवते, देशाच्या वारशाची राखणदार म्हणून मिरवते, तिला खासगीपणाचा पडदा घेता येत नाही. वारसा म्हणताना सगळ्यांचा आणि दरवाजा मात्र आपला, हे चालणार नाही.

तिसरा: "झाले गेले. १९६३ मध्ये दार उघडले ना?" उघडले. २०१८ साली त्या संस्थेने स्त्रियांनाही सभासद करून घेतले. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण पंचवीस वर्षे दार बंद ठेवल्यावर बाहेरचे लोक तिथेच ताटकळत उभे राहत नाहीत. कृष्णवर्णीयांची चौकडी पुढे गेली. ती गॉस्पेलमध्ये गेली, रेडिओवर गेली, रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचे 'डू-वॉप' झाले. ओहायोतल्या पिक्वा गावी जॉन मिल्स नावाचे कृष्णवर्णीय न्हावी होते. त्यांचे स्वतःचे दुकान होते आणि स्वतःची चौकडीही. त्यांच्या चार मुलांनी 'मिल्स ब्रदर्स' नावाने १९३१ साली 'टायगर रॅग' गायले आणि देश वेडा केला. तोंडानेच ट्रम्पेट वाजवत! १९३६ साली थोरला मुलगा वारला तेव्हा बापच दुकानातून उठून बासच्या जागी उभा राहिला. म्हणजे तुल्सात 'मरत चाललेली कला' वाचवायला सभा भरली तेव्हा खऱ्याखुऱ्या न्हाव्याच्या दुकानातली चौकडी रेडिओवर रोज गात होती. मेले काहीच नव्हते. ज्यांना ती जिवंत माणसे बघायची नव्हती, त्यांनी त्यांच्या कलेचे श्राद्ध घातले.

ज्यांनी स्वतःचे दार बांधले

आता त्या राणीसमोर गाणाऱ्या मुलांकडे. नॅशविल गावी १८६६ साली मुक्त गुलामांसाठी फिस्क ही शाळा निघाली, पुढे तिचे विद्यापीठ झाले. पैसा संपला. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी गाऊन पैसा आणायला निघाले. बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. आईबापांची शेतातली, दुःखाची गाणी चारचौघांत गायची त्यांना आधी लाज वाटे. ती लाज त्यांनी टाकली आणि त्या गाण्यांनी 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. फ्रेडरिक लाउडिन यांचा ज्युबिली गायकांचा जथा तर १८८४ ते १८९० च्या जगप्रवासात हिंदुस्थानातही येऊन गेला, ताजमहालात गायला. १९०९ च्या डिसेंबरात प्रा. जॉन वर्क यांच्या फिस्क चौकडीने व्हिक्टरसाठी ती गाणी तबकडीवर नोंदवली. तिथे नक्कल नव्हती, काजळी नव्हती. गोऱ्याने हसावे म्हणून गायलेला एकही सूर नव्हता.

याच फिस्कमधून १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस पदवीधर झाले. १९०३ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्यांनी या दुःखगीतांना दिले. १९२१ साली हॅरी पेस यांनी हार्लेममध्ये 'ब्लॅक स्वान' ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, तिच्या संचालक मंडळावर डुबॉइस होते. एथेल वॉटर्स तिथे गायल्या. पण भांडवल तोकडे, आणि मोठ्या कंपन्यांनी याच बाजारात उडी घेतलेली. दोन-तीन वर्षांत ब्लॅक स्वान बुडाली. पण प्रश्न बरोबर विचारून बुडाली: भोंगा कोणाचा?

आणि हेच डुबॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याची जी खटपट चालली होती, तिची कागदपत्रे बाबासाहेबांनी मागवली. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमच्या शेजारीच. त्याच वर्षांत त्या शहरातल्या कंपन्या काळ्या माणसाची नक्कल तबकड्यांवर विकत होत्या आणि जॉर्ज जॉन्सन नाव नसलेल्या थडग्यात गेला होता. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून या पत्रापर्यंतचा धागा आम्ही डोळ्यांसमोर ठेवतो. म्हणून हे गाणे आम्हाला परके नाही.

"कलेला जात नसते, रंग नसतो," असे सांगणारे भेटतात. सुराला नसतो हे आम्हीही मानतो. सा लावणाऱ्याचा रंग साला कळत नाही. पण स्पर्धेच्या अर्जाला रंग असतो, तबकडीवरच्या नावाला असतो, पैशाच्या पावतीला असतो, थडग्यावरच्या दगडाला असतो. सुराच्या निष्पापपणामागे ही सगळी कागदपत्रे लपवू नका.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला डिनविडी चौकडीची १९०२ मधली तबकडी ऐकवली. खरखर खूप आहे, आधी कोणाला काही कळेना. तिसऱ्या वेळेला पोरे ठेका धरू लागली. मग फळ्यावर चार नावे लिहिली: स्टर्लिंग रेक्स, क्लेरन्स मेरेडिथ, हॅरी क्रायर, मँटेल थॉमस. एक मुलगी म्हणाली, "आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. त्या तर कोणीच लिहिल्या नाहीत." आम्ही तिला एवढेच सांगितले: मोबाईल तुझ्या हातात आहे. आज घरी जा, आजीसमोर धर. आणि आधी तिचे पूर्ण नाव बोलून घे.